टाळूवरची जागा

ते साल दोन हजार तेवीस. औरंगाबादचं नाव बदललं ते साल. एसटीत तिकीट मागताना सरोजिनीच्या तोंडी जुनंच नाव यायचं आणि कंडक्टर हसून बरोबर तिकीट द्यायचा. त्या जानेवारीत तिच्या भाच्याला, स्वानंदला, मुलगा झाला. फेब्रुवारीत बारसं झालं, नाव ऋषी ठेवलं. बारशाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सरोजिनी ओट्याशी उभी राहून कुकरच्या शिट्टीची वाट बघत होती आणि फोनवर घरच्या ग्रुपमध्ये एकामागून एक फोटो येत होते. एका फोटोत कुणी बाई पाळण्यावर वाकली होती. फोटो स्टुलावर चढून वरून काढलेला असावा, कारण बाईचं तोंड दिसतच नव्हतं, नुसतं डोकं दिसत होतं, आणि त्या डोक्याच्या मधोमध तळहाताएवढी जागा उघडी होती. टक्कल म्हणावं तर तसंही नव्हतं. टकलावर निदान बारीक लव असते, छिद्रं असतात, उन्हानं आलेला रंग असतो. ही जागा गुळगुळीत होती, पांढुरकी, चकाकणारी, दुधावर साय ताणून बसावी तशी. कडेनं जांभळट लाल, पापुद्रे धरलेली. आणि मध्येच कुठे एकाच भोकातून पाच-सहा केस झुपक्यानं बाहेर आलेले, प्लास्टिकच्या बाहुलीच्या डोक्यात खोवतात तसे. "ई," सरोजिनीच्या तोंडून आपसूक निघालं. कोण ही बाई, हिला घरचं कुणी सांगत नाही का, असं मनात येतंय तोवर त्या बाईच्या अंगावरची मोरपिशी साडी तिला ओळखू आली. ती साडी काल रात्री तिनंच घडी घालून कपाटात ठेवली होती. आधी किळस आली आणि मग ओळख पटली. हा क्रम पुढे कधीच तिच्या मनातून गेला नाही. ती फोटो मोठा करून बघू लागली तोच तो नाहीसा झाला. कुणीतरी काढून टाकला होता. थोड्या वेळानं तोच फोटो परत आला, कापलेला. पाळणा होता, बाळ होतं, आणि पाळण्याच्या कडेवर सरोजिनीची चार बोटं होती.

तिचे यजमान देवानंद, शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर, बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. ती तशीच, हातात झारा घेऊन, त्यांच्यापुढे जाऊन वाकली. "अहो, माझ्या डोक्यावर हे काय आहे?"

"कुठं?"

"टाळूवर."

"ते होय. ते कधीचं हाय."

"कधीचं म्हणजे?"

"मागच्या दिवाळीच्या आधीची दिवाळी धर. मला वाटलं तुला म्हाईत हाय."

"मला कसं माहीत असणार? मला माझी टाळू दिसते का?"

"मंग मी काय करायचं व्हतं? सकाळी चहा देताना सांगू, की सरू, तुझ्या डोक्याला भोक पडून राह्यलंय?" ते हसले, आणि ती हसत नाही हे बघून परत पेपरात शिरले. देवानंद मूळचे वडीगोद्रीचे. चाळीस वर्षं जालन्यात राहून आणि शाळेतल्या पोरांना शुद्ध बोलायला सांगून स्वतः मात्र जसेच्या तसे राहिलेले. सरोजिनीला त्या क्षणी त्यांच्या पेपराची, त्यांच्या पायजम्याच्या नाडीची, चहाच्या रिकाम्या कपात चिकटलेल्या साखरेची, सगळ्याचीच शिसारी आली. दोन दिवाळ्या झाल्या, हा माणूस आपल्यामागे बसून आपलं डोकं बघतोय. दोन दिवाळ्यांपासून बँकेच्या रांगेत, भाजीच्या गाड्यावर, लग्नाच्या पंगतीत मागे उभ्या असलेल्या प्रत्येकानं ते बघितलंय. आपण सोडून सगळ्यांना माहीत असलेली ती जागा आपण डोक्यावर घेऊन गावभर मिरवत होतो.

तिला केस गळतात हे माहीत नव्हतं असं नाही. न्हाणीच्या जाळीत गुंता अडकायचा, साबणाचा फेस आणि मळ धरलेला, मेलेल्या उंदरासारखा ओला. तो ती तोंड फिरवून, बोटानं ओढून काढायची. पण जालन्यात बोअरचं पाणी कुणाच्या केसांना मानवलंय? त्यात वय. त्यात, कापूस पिंजावा तशी ती हलक्या मनानं स्वतःची समजूत घालायची, आईचेही साठीनंतर विरळच झाले होते. मनगटाच्या आतल्या बाजूला जांभळे चपटे पुरळ उठले तेव्हा तिनं भांड्यांची पावडर बदलली. तोंडात, गालाच्या आतून, पांढरी जाळी धरली आणि ठेचा खाल्ला की आग व्हायला लागली, तेव्हा ती म्हणाली, उष्णता झाली, आणि सब्जा भिजत घालायला लागली. नखांवर उभ्या रेघा आल्या. त्याचं तर तिनं काहीच केलं नाही. अंगावरचं एकेक दुखणं तिनं शेजारणींसारखं वेगवेगळं वागवलं. एकीचा दुसरीशी संबंध आहे, त्या सगळ्या एकाच घरातून येतात, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

त्या फोटोनंतर ती डोक्यावरून पदर घ्यायला लागली. गल्लीतल्या बायका कौतुकानं म्हणाल्या, सरोजिनीबाईंना बघा, या वयात रीत सांभाळतात. ते कौतुक तिला तोंडातल्या केसासारखं वाटायचं, थुंकताही येत नाही आणि गिळताही येत नाही. पदराखाली तिचं बोट सारखं त्या जागेवर जायचं. किती मऊ होती ती जागा! आईनं दर रविवारी शिकेकाईनं न्हाऊ घालून, चुलीपुढे बसवून, धुपावर वाळवलेले ते केस. मागे बसून आई एकेक बट सोडवायची आणि शेजारी जगन्नाथ, तिचा धाकटा भाऊ, वेणीचं टोक ओढून पळायचा. जगन्नाथच्या डोक्याला दोन भोवरे होते. दोन भोवऱ्यांचा म्हणून त्याला सगळे चिडवायचे. तो आठ वर्षांचा असताना त्याच्या एका भोवऱ्यापाशी रुपयाएवढी चाई पडली होती. केस गोल गळाले होते. आईनं बिब्ब्यात सुई खुपसली, दिव्यावर धरली, आणि टोकाला आलेला काळा तेलाचा थेंब त्या चाईवर फिरवला. जगन्नाथ गुरासारखा ओरडला. जागा सुजली, खपली धरली, ती पडली, आणि पावसाळा संपायच्या आत तिथे असे दाट केस आले की आई येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचं डोकं धरून दाखवायची. तो जगन्नाथ कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. त्याचं तोंडही नीट बघायला मिळालं नाही. आणि हा ऋषी, स्वानंदचा मुलगा, म्हणजे जगन्नाथचा नातू, जन्मला तोच दोन भोवरे घेऊन. बारशाच्या दिवशी सरोजिनी पाळण्यावर इतका वेळ वाकून राहिली होती ती त्या भोवऱ्यांसाठी.

आणि म्हणूनच तिला जावळाची घाई होती. त्यांच्या घरी बाळाचं पहिलं जावळ तीर्थपुरीच्या शेतात, बांधावरच्या सटवाईपाशी काढायची रीत. बाळ मामाच्या मांडीवर, आणि आत्यानं समोर बसून पदर पसरायचा. एकही केस जमिनीवर पडू द्यायचा नाही. स्वानंदचं जावळ पस्तीस वर्षांपूर्वी तिनंच पदरात घेतलं होतं. तिला स्वतःला मूल झालं नाही. त्या घरात तिचं जे काही होतं ते आत्या म्हणून होतं. स्वानंदला बहीण नव्हती, तेव्हा ऋषीच्या वेळचा मानही तिचाच, हे कुणी बोलून दाखवायची गरजच नव्हती. डिसेंबरात काढायचं ठरलं होतं. जगन्नाथचे दोन भोवरे तेवढ्यापुरते तिच्या पदरात पडणार होते. बाकी तिला कुणाकडून काहीच नको होतं.

ती रोज अकराच्या सुमाराला स्वानंदकडे जायची. तो एमआयडीसीतल्या सळयांच्या कारखान्यात हिशेब बघायचा, घरी त्याची बायको गंधाली आणि बाळ. मालिशीला साखराबाई यायची. तीर्थपुरीकडचीच, धनगराची. नवरा धुळाजी अजून मेंढरं घेऊन फिरायचा आणि ही पोरांच्या शाळेसाठी जालन्यात खोली करून राहिलेली. पाय लांब करून, पिंढऱ्यांवर बाळ आडवं घालून ती तेल चोळायची. एके दिवशी सरोजिनीनं टाळू भरायला म्हणून तेलाच्या वाटीकडे हात नेला, तशी साखराबाईनं वाटी सरळ उचलून पलीकडे ठेवली.

"बाई, राग मानू नका. ह्ये मनगटाला काय उठलंय?"

"खाज आहे जराशी."

"मंग माझ्या वाटीत बोट नका घालू. आमच्या मेंढरात बी आसंच व्हतं. लोकर झडती, कातडं उघडं पडतं. एकीला झालं की समद्या कळपाला. धुळाजी पयली तिला येगळी काढतो."

"वेगळी काढून काय करता?"

"काय करायचं? इकतो."

साखराबाई खदखदून हसली आणि सरोजिनीलाही हसू आलं. त्या हसण्यात तिला बरं वाटलं, फार दिवसांनी. या बाईला आपली घाण वाटते आणि ती तसं म्हणते. वाटी उचलली, बाजूला ठेवली, संपलं. गंधालीचं तसं नव्हतं. गंधाली सगळं पाहत होती, भिंतीला टेकून, हातात फोन धरून, आणि संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज साखरेच्या पाकात बुडवून काढलेला. "आत्या, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हं. मला तसलं काहीच वाटत नाही. पण तुम्हाला रोज उन्हाचं यायला त्रास होतो. डॉक्टर म्हणतात ना, सुरुवातीचे काही महिने बाळाला फार माणसं नकोत."

"कुठले डॉक्टर?"

"असं सगळेच म्हणतात, आत्या."

सरोजिनीनं फोन ठेवला. कानाला पाक चिकटल्यासारखं तिनं पदरानं कान पुसला. त्या रविवारी तिनं देवघराच्या डब्यातून बिब्बा काढला. देवानंद म्हणाले, "येडी का तू? दवाखान्यात जाऊ." ती म्हणाली, "जगन्नाथचे आले की नाही?" जे एका डोक्यावर उगवलं ते दुसऱ्यावरही उगवेल, त्याच आईचं, त्याच रक्ताचं डोकं, एवढा साधा हिशेब होता. दोन आरसे समोरासमोर धरून तिला जागा सापडेना. शेवटी बोटानं चाचपून, डोळे मिटून, तिनं सुईचा चटका लावला. धूर आला. तेल कडक, काळं, डोक्याच्या उतारावरून घरंगळलं आणि कपाळापर्यंत एक रेघ ओढत आलं. तिनं ओठ दाबून धरले. जगन्नाथ ओरडला होता, ती ओरडली नाही. तिसऱ्या दिवशी डोकं फोडांनी भरलं. त्यातून पिवळं पाणी झिरपून उशीला चिकटायला लागलं. सकाळी उशीवरून डोकं उचलताना ओली पट्टी सोलल्यासारखा आवाज यायचा. वास यायचा, आंबलेल्या पिठासारखा, आणि तो वास आपल्याच डोक्यातून येतोय, त्यापासून उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही, हे कळून ती दोन वेळा न्हाणीत जाऊन ओकली. आयुष्यभर तिनं घाणीपासून लांब राहायचा उपाय केला होता. नाक दाबायचं, पदर तोंडाला लावायचा, रस्ता ओलांडायचा. आता ओलांडायला रस्ताच नव्हता.

औरंगाबादच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, भिंगासारखं काहीतरी डोक्यावर टेकवून त्यांनी बराच वेळ पाहिलं, कातडीचा तांदळाएवढा तुकडा तपासायला घेतला. पुढच्या खेपेला त्यांनी मनगट पाहिलं, नखं पाहिली, "काकू, तोंड उघडा," म्हणून बॅटरी मारून गालाची जाळी पाहिली. मग म्हणाल्या, "हे सगळं एकच आहे. लायकेन प्लॅनस म्हणतात. तुमचं शरीर तुमच्याच केसांच्या मुळांवर उठलंय. मूळ जळालं की तिथे व्रण भरून येतो, आणि व्रणातून केस येत नाहीत. ही चाई नव्हे. चाईत मूळ जिवंत असतं."

"म्हणजे गेलेले परत येणार नाहीत?"

"गेलेले नाही. आहेत ते वाचवायचे. गोळ्या आहेत, मलम आहे, वेळ लागेल. दुसऱ्या कुणाला याची लागण मात्र होत नाही हं, काकू. बाळाला खुशाल घ्या. आणि हे भाजलं कशानं?"

देवानंद छताकडे पाहू लागले. "बिब्बा," सरोजिनी म्हणाली.

"या आजारात कातडीला जिथे इजा कराल, तिथे तो नव्यानं उठतो." आणि खरंच, कपाळापर्यंत ओघळलेल्या त्या काळ्या रेघेवर जांभळे पुरळ ओळीनं उगवले होते, वाफ्यात पेरल्यासारखे. डॉक्टरीणबाईंनी सहज सांगितलं की या आजाराचं इंग्रजी नाव दगडफुलावरून पडलंय. मसाल्यात घालतो ते दगडफूल, खडकावर धरतं ते. परत आल्यावर सरोजिनीनं काळ्या मसाल्याचा डबा उघडला, तर वरच ते होतं. करडं, कुरळ्या कडांचं, सुकलेल्या खपल्यांचा ढीग असावा तसं. इतकी वर्षं ते भाजून, कुटून आपण भाजीत घालत आलो. तिनं डबा तसाच मोरीत उपडा केला. मूळ मेलं म्हणजे काय, हे मात्र तिला दुसऱ्यांदा समजावून सांगावं लागलं नाही. बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत तिची नोकरी झाली होती, उगवण तपासायची. ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवायचं आणि काही दिवसांनी उलगडून पाहायचं. काही कोंब धरलेलं, काही टणक, म्हणजे नुसतं निजलेलं. आणि काही मेलेलं. मेलेलं बी ओळखायला सोपं असतं. बोटानं दाबलं की ते पिचकतं आणि आतून पांढरा पू यावा तसं पाणी येतं. त्याला कितीही ऊब द्या. तिनं अशा लाखभर बिया दाबून बोटं धुतली असतील.

मग रोज संध्याकाळी देवानंद तिच्यामागे खुर्ची घेऊन बसायचे आणि मलम लावायचे. तिला ती जागा दिसायची नाही म्हणून. लावताना गल्लीतल्या गप्पा सांगायचे. कुणाचा बोअर आटला, कुणाचा बबलू परत दहावीत बसला. ती मान खाली घालून ऐकायची. ती जागा हाताला कशी लागते याबद्दल त्यांनी कधी एक शब्द काढला नाही आणि तिनंही विचारलं नाही.

स्वानंदला तिनं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं सांगितलं, कागदही दाखवला. तो म्हणाला, "आत्या, कागद कशाला दाखवतेस, वेडी आहेस का?" आणि कागद नीट वाचला. गंधालीनं नोव्हेंबरात एक खोकं हातात दिलं. आत केसांचा टोप होता, काळाभोर, मधोमध भांग पाडलेला. "खऱ्या केसांचा आहे, आत्या. जावळाला हा घाला. सगळे येणार, फोटो निघणार. तुम्हालाच बरं वाटेल." सरोजिनीनं तो घरी नेऊन बोटांवर चढवला. खरे केस म्हणजे कुणाचे? कुणी देवाला वाहिलेले, कुणी पोटासाठी विकलेले, कुणी मेल्यावर कापलेले? एका परक्या बाईच्या डोक्याचा तेलकट वास त्यातून येतोय असं तिला वाटलं. नवाकोरा होता तो, त्याला फक्त प्लास्टिकचा वास होता, पण तिला ती परकी बाईच दिसत राहिली, कुठेतरी मोकळ्या डोक्यानं बसलेली. "घालतीस का?" देवानंदांनी विचारलं. "पिशवीत टाकते," ती म्हणाली.

जावळाच्या दिवशी मार्गशीर्षाचं कोवळं ऊन होतं. बांधावर शेंदूर फासलेली सटवाई, समोर तूर फुलावर. दोन गाड्या भरून माणसं आलेली. बाळाचा मामा भारत मांडी घालून बसला, ऋषी त्याच्या मांडीवर, आणि तीर्थपुरीचा संपत वस्तरा पाजळत उकिडवा. सरोजिनी समोर जाऊन बसली, डोक्यावर पदर. टोप गाडीतल्या पिशवीतच होता. संपतनं ओंजळीनं बाळाचं डोकं भिजवलं. दोन भोवरे ओले होऊन चिकटले, दोन बारीक भिंगऱ्यांसारखे. "आत्या, पदर धरा," तो म्हणाला.

तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं. अकरा महिने ती या क्षणाचा विचार करत होती आणि एवढी साधी गोष्ट तिला सुचली नव्हती. डोक्यावर होता तोच पदर पसरायचा होता. दुसरा पदर नव्हता. गंधाली समोरच उभी होती. तिच्याही ध्यानात आलं असावं, कारण तिचा चेहरा एकदम आखडला आणि तिनं गाडीकडे पाहिलं. गंधालीची आई मध्ये आली. "विहीणबाई, कशाला कष्ट? ताटात कणीक ठेवलीय की. तीत पडू द्या. आता सगळीकडे असंच करतात."

"मला काय," संपत म्हणाला. "ताटात म्हणाल तर ताटात. पर जल्दी ठरवा, पोरगं रडायलंय."

सरोजिनीला वाटलं, उठावं. ताट पुढे सरकवावं आणि तुरीच्या ओळीतून चालत सुटावं. कुणी अडवलं नसतं. सगळ्यांना सुटल्यासारखंच वाटलं असतं, आणि घरी जाताना तिच्या समजूतदारपणाचं कौतुक झालं असतं. त्या कौतुकाची चव तिच्या जिभेवर आधीच आली, गोड, बुळबुळीत.  तिनं डोक्यावरचा पदर ओढून खाली घेतला आणि दोन्ही हातांनी पसरला.

वारा टाळूवर बसला, गार, ओल्या जिभेसारखा. "अगं बाई!" गंधालीची आई म्हणाली आणि तिनं तोंडावर हात ठेवला. मागे कुणीतरी पाऊल मागे घेतलं, ढेकूळ फुटल्याचा आवाज आला. देवानंद कुठे उभे आहेत हे तिनं पाहिलं नाही. तिनं गंधालीकडे पाहिलं. गंधालीचा वरचा ओठ वर चढला होता, नाकाशी सुरकुती पडली होती, डोळे बारीक झाले होते. ते तोंड सरोजिनीच्या ओळखीचं होतं. ओट्यापाशी उभी असताना आपलंही असंच झालं असणार, हुबेहूब. त्यात दुष्टपणा नव्हता. लिंबू चावल्यावर होतं तसं होतं ते, आपोआप.

संपतनं वस्तरा फिरवला. पहिली बट पदरात पडली आणि सरोजिनीनं जिची वर्षभर वाट पाहिली होती, ती गोष्ट तिच्या मनगटाला चिकटली. ओली, गार, लिबलिबीत. न्हाणीच्या जाळीतल्या गुंत्याहून ती काही वेगळी नव्हती.  यात जगन्नाथ कुठेच नव्हता. भोवरे तर डोक्यावर असतात, केसांत नसतात. वस्तरा फिरला की पदरात येतो तो नुसता केर. ती दात आवळून पदर ताणून बसली. एकही केस तिनं खाली पडू दिला नाही. ऋषी रडून लाल झाला. शेवटी संपतनं पाणी मारून डोकं पुसलं आणि ते उघडं, पांढुरकं, चकाकणारं डोकं उन्हात आलं. "अले माझं टकलू! कसलं गोड दिसतंय बघा!" गंधालीच्या आईनं धावत येऊन त्यावर ओठ टेकले. मग मामानं, मग स्वानंदनं. कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हळद चोळली, आणि माणसं ओळीनं येऊन ते गुळगुळीत डोकं कुरवाळत राहिली. सरोजिनी त्यांच्यामध्ये उघड्या डोक्यानं बसली होती आणि तिच्या आसपास हातभर जागा मोकळी होती.

जावळ कणकेच्या गोळ्यात घालून गोदावरीत सोडायचं, आणि पदरातून ते काढून घ्यायचं काम बाळाच्या आईचं. गंधाली ताट घेऊन समोर बसली. चिमटीनं केस उचलू लागली. तिची बोटं सरोजिनीच्या मनगटाला लागणार नाहीत अशा बेतानं हलत होती. पण कितीही बेतलं तरी ती लागली. गंधालीनं ती मागे घेतली नाहीत.

"दुखतं का?" तिनं खालच्या आवाजात विचारलं. इतक्या महिन्यांत उपाय सगळ्यांनी सांगितले होते. हे कुणी विचारलं नव्हतं.

"आग होते. आणि खाजतं. विशेषतः तिखट खाल्लं की तोंडात."

"मला बघवत नाही, आत्या. खरं सांगते. मला उलटी येते."

"मलाही बघवत नाही, बाई," सरोजिनी म्हणाली. "पण मला ते दिसत नाही, एवढंच."

गंधाली हसली की रडली ते कळलं नाही. तिनं शेवटची बट कणकेत दाबली, आणि उठताना सरोजिनीच्या मांडीवर हात टेकून उठली.

 संपतनं नंतर वडीगोद्रीला हायवेवर दुकान टाकलं, दोन फिरत्या खुर्च्या, काचेचं दार. जावळं काढायला तो आता जात नाही. धुळाजीनं गुडघे धरल्यावर मेंढरं विकली आणि साखराबाईनं त्याला जालन्याच्या खोलीवर आणून ठेवलं. तो दिवसभर दारात बसून रस्त्यावरून जाणाऱ्या शेळ्या बघतो आणि ती अजून घरोघर बाळं चोळते. स्वानंद-गंधाली पुण्याला गेले. ऋषीचे केस काळे, राठ, दोन भोवऱ्यांमुळे कधी बसत नाहीत, आणि तो कुणाला कंगवा लावू देत नाही. गंधाली आठवड्यातून एकदा फोन करते. आवाजात पाक नसतो. टाळूवरचं कुठवर पसरलंय, विचारते, आणि सरोजिनी सांगते, कानाच्या वर आहे अजून. टोप गंधालीनं परत मागितला नाही. सरोजिनीनं तो गल्लीतल्या गणपतीच्या नाटकाला देऊन टाकला.

देवानंद पंचवीस सालच्या उन्हाळ्यात झोपेतच गेले. दहाव्याला आलेल्या बायका म्हणाल्या, आता डोक्यावरून पदर घेत जा, बरं दिसतं. तिनं घेतला नाही. सहा आसनी रिक्षात तिच्या शेजारी बसायला माणसं कचरतात. ती ऐसपैस बसून जाते. आजार आता निवला आहे असं डॉक्टरीणबाई म्हणतात. राहिलेत तेवढे केस राहतील, मलम मात्र चालू ठेवायचं. ते सरोजिनी आता स्वतः लावते, अंदाजानं. बोट त्या जागेवरून फिरतं, सायीसारखं काहीतरी बोटाखाली सरकतं, पापुद्रे नखात अडकतात, आणि रोज संध्याकाळी तिला नव्यानं शिसारी येते. दोन वर्षं रोज तिच्यामागे बसून, बोअर आणि बबलूच्या गोष्टी सांगत, देवानंदांनी हे कसं केलं असेल, याचाच ती बोट पुसताना विचार करते.